डबीतल्या वाट्या

नाथाजी महाराजांची रौप्यतुला उद्यावर येऊन ठेपली होती आणि घरातला पोरगा परमुलखात कोठडीत बसला होता. दोन्ही गोष्टी एकाच घरातल्या असल्यामुळे आधी कुठली बोलायची यावर आप्पासोंच्या दिवाणखान्यात सकाळपासून एकमत होत नव्हतं. शेवटी आधी चहा घ्यायचा, एवढं ठरलं.

विट्यात गलाईच्या पैशावर उठलेल्या बंगल्यांचे दिवाणखाने असतात तसाच हाही होता. खाली आरशासारखी फरशी, वर झुंबर आणि वर्षाचा बराच काळ दाराला कुलूप. घरचे पुरुष दक्षिणेत कुठल्या ना कुठल्या शहरात भट्टीपुढं बसून लोकांचं जुनं सोनं गाळत आणि इथं त्यांच्या सोफ्यांवरचं प्लॅस्टिक तसंच राही. आज मधल्या सोफ्यावरचं तेवढं काढलं होतं, कारण तिथं महाराज बसणार होते. बाकीचे प्लॅस्टिकवर बसून चुळबुळत होते.

आप्पासो थोरले. मधल्या कृष्णातांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. धाकटे नाथाजी, पण ते आता कुणाचेच धाकटे राहिले नव्हते. आप्पासो त्यांच्या पाया पडत आणि महाराज पडू देत. कोठडीतला पोरगा कृष्णातांचा, शिवतेज. त्याची आई शालूबाई दाराजवळच्या खुर्चीत बसली होती, आणि बहीण शिवांजली, जी सांगलीच्या कोर्टात वकिली करायची, ती बसायलाच तयार नव्हती.

"सगळं सरळ हाय," शिवांजली म्हणाली. "तिकडचं पोलीस म्हणत्यात, तेजानं साखळीचोरांचं सोनं घेतलं. आपून दाखवायचं की ते चोरीचं न्हाई, दिलेलं हाय. त्याला दोन गोष्टी लागतील. ज्या बायांनी सोनं दिलं त्यांनी सांगायचं, आमी मठाला दिलं. आन् मठाच्या एका ट्रस्टीनं, नाथाजीकाकांनी न्हाईतर आप्पांनी, सांगायचं, ते आमी तेजाकडं गाळायला धाडलं. परवा जामिनाची सुनावणी हाय. एवढं मांडता आलं तर पोरगं सुटतंय."

"एवढं," राजवर्धन म्हणाला. हा आप्पासोंचा मुलगा. मठाचा कारभार त्याच्याकडं होता आणि महाराजांनंतर गादीवर कोण, या प्रश्नाचं उत्तर तो रोज सकाळी आरशात बघून घ्यायचा. "एवढं केलं की दुसऱ्या दिवशी धर्मादायवाले दारात. तिसऱ्या दिवशी इन्कम टॅक्स. काय सुमंत काका?"

सुमंत हे मठाचे हिशेबतपासनीस, साताऱ्याचे. ते कपात बघत म्हणाले, "मी काहीच ऐकलेलं नाही. मी इथं फक्त चहासाठी आलोय."

गोष्ट अशी होती की ते सोनं मठाचंच होतं, आणि खोलीतल्या प्रत्येकाला हे माहीत असल्यामुळेच ते कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. महाराज कीर्तनात सांगत, बायांनो, सोन्याचा मोह सोडा. बायका भोळेपणानं सोडत. सोडलेला मोह राजवर्धन गोळा करून पिशवीत भरी आणि सहा-आठ महिन्यांनी दक्षिणेत शिवतेजच्या दुकानी नेऊन देई, कारण विट्यात कुठली साखळी कुणाच्या गळ्यातली, हे भट्टीवाल्या प्रत्येकाला ओळखू येतं. शिवतेज ते गाळून लगडी करून देई. पुढं त्या लगडींचं साताऱ्याजवळ हायवेच्या कडेला जमिनीत रूपांतर होई. वहीत फक्त दानपेटीतली नाणी येत. सुमंत ती नाणी अतिशय काटेकोरपणे तपासत.

आता पोलिसांनी लगडी धरल्या, ते एक वेळ समजण्यासारखं होतं. गलाईवाल्याकडं सोनं सापडणारच. पण त्यांना गल्ल्यात एक पत्र्याची डबीही सापडली होती, आणि सगळा घात त्या डबीनं केला होता. डबीत मंगळसूत्राच्या सुट्या वाट्या होत्या, हळदीकुंकवात माखलेल्या, एकही जोडी नाही. ही या घराची जुनी रीत. मंगळसूत्र मुशीत घालायचं झालं तर एकच वाटी घालायची, दुसरी अलग काढून ठेवायची. कुणा बाईचं सौभाग्य एका फटक्यात वितळवायचं नाही. मग डबी भरली की गावी आणून त्या वाट्या देवीच्या पायाशी ठेवायच्या. शिवतेजला हे बापानं शिकवलं होतं आणि तो ते इमानानं पाळत होता. तिकडच्या पोलिसांना काय कळणार? त्यांनी वाट्या टेबलावर ओळीनं मांडल्या, मागं शिवतेजला उभा केला आणि फोटो काढून वाटला. बायकांच्या गळ्यातनं ओढलेल्या वाट्यांचा एवढा साठा म्हणे आजवर कुणाकडं मिळाला नव्हता.

बाहेर गाडीचा आवाज झाला. सगळे उभे राहिले. शालूबाई बसून राहिली.

*

महाराज आले ते हात जोडूनच आले. सवय होती. भगवं नेसत नसत, पांढरं धोतर आणि खांद्यावर घोंगडी. घोंगडी साधी असली तरी इस्त्रीची होती. दारात त्यांनी पायताण काढलं आणि ते उचलायला राजवर्धन वाकला, तेव्हा "आरं, राहू दे रं," असं ते म्हणाले, पण पाय बाजूला घेतला नाही.

साठीचा माणूस, पण चरित्र मोठं. वाईच्या घाटावर कीर्तन शिकले. कोयनेच्या धरणग्रस्तांबरोबर मोर्च्यात चालले आणि नेमका फोटो निघाला तेव्हा पुढं होते. मग मानवी हक्कांचा मंच काढला. परमुलखात गलाईवाल्यांना पोलीस उचलतात, मारतात, खोट्या गुन्ह्यात घालतात, हे दुखणं खरंच होतं, आणि त्यावर बोलणारा महाराज दुसरा नव्हता. पाचपन्नास पोरांना त्यांनी सोडवलंही, म्हणजे शिवांजलीनं सोडवलं आणि त्यांनी हार घेतले. सुटलेल्या पोराच्या घरून कृतज्ञता म्हणून मठात सोनं यायचं. त्याची पावती मागणं कुणाला बरं वाटेल?

या सगळ्याचं मूळ त्यांच्या तरुणपणच्या अटकेत होतं. विशीच्या आत ते मामाच्या दुकानी गल्ल्यावर बसत. तिथं पोलिसांनी धरलं, कोठडीत घातलं. कीर्तनात हा भाग आला की मांडवातल्या बायका पदर डोळ्यांना लावत. अंधार, मार, तहान, आणि मग पहाटे देवानं येऊन कुलूप उघडलं.

कुलूप देवानं उघडलं नव्हतं. कृष्णात विट्यावरनं दोन गाड्या बदलून तिथं गेले, ठाण्यात साहेबासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "सोनं माझं हाय. ह्यो नुसता गल्ल्यावर बसलेला." नाथाजी सुटले आणि कृष्णात आत गेले. बाहेर आले तेव्हा उजव्या हाताची बोटं मोडलेली होती. पुढं जन्मभर त्यांना मूस धरायचा चिमटा डाव्या हातानं धरावा लागला. कीर्तनात हे कधी आलं नाही. देव आणि कृष्णात एकाच गोष्टीत मावत नव्हते.

महाराज मधल्या सोफ्यावर टेकले. शिवांजलीनं आपलं दोन गोष्टींचं म्हणणं पुन्हा सांगितलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"पोरगं आपलंच हाय," ते म्हणाले. "माझ्या काळजाचा तुकडा हाय. म्हणूनच मला जपून वागलं पाहिजे. न्याय नात्यानं मागायचा नसतो, शिवांजली. मंचातर्फे पत्रक काढू. गलाई व्यावसायिकांवरचे अन्याय थांबवा."

"त्या पत्रकात तेजाचं नाव आसंल?" शालूबाईनं विचारलं.

"त्यात सगळ्यांचंच नाव येतं, वैनी. एकाचं घेतलं की चळवळ बारीक होते."

"आन् सोनं कुणाचं, त्ये?"

महाराजांनी खांद्यावरची घोंगडी सारखी केली. राजवर्धननं घसा साफ केला. "काकी, मठाचं नाव एकदा गुन्ह्यात आलं की संपलं. उद्या चांदी घेऊन लोक येणार हायत, पाहुणे हायत, पेपरवाले हायत. आपून तेजाला चांगला वकील देऊ. लागंल तेवढा खर्च मठ करंल."

"रोखीत?" शिवांजली म्हणाली.

"तू मंचाची सेक्रेटरी हायस, ध्यानात ठेव."

"हाय की. काकांची भाषणं मीच लिवती. 'धरलेल्या माणसाजवळ पयला पोचंल तो आपला माणूस पायजे', ह्ये वाक्य माझंच हाय. लय टाळ्या पडत्यात त्याला."

आप्पासो मध्ये पडले. मध्ये पडणं हा त्यांचा स्वभाव होता, म्हणजे दोन्ही बाजूंना बरं वाटेल असं काहीतरी पुटपुटणं. "उद्याचं पार पडू दे. मग बसून बघू काय ते. महाराज म्हणत्यात त्यात बी तथ्य हाय, आन् पोरगी म्हणती त्यात बी."

"दादा, परवा सुनावणी हाय," शालूबाई म्हणाली. मग ती महाराजांकडं वळली. तिचा आवाज चढला नाही. "भावजी, तुमाला धरलं हुतं तवा ह्यांनी पत्रक काढलं न्हवतं."

महाराजांनी डोळे उघडले आणि झुंबराकडं पाहिलं. "वैनी, त्या वेळची गोष्ट निराळी. तवा माझ्यामागं काय हुतं? आज हजारो माणसं मागं हायत. मी पडलो तर ती पडतील."

शालूबाईला एकदम किळस आली. दसऱ्या-पाडव्याला याच माणसाला तिनं पाटावर बसवून जेवू घातलं होतं, याच्या तापात रात्री जागवल्या होत्या. कृष्णात मोडक्या बोटांनी घास घेताना हा समोर बसून तूप मागायचा, ते तिला आठवलं. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, असं तिला वाटलं.

"बरं," ती म्हणाली आणि उठली.

राजवर्धन घाईनं तिच्यामागं गेला. "काकी, उद्या पयली चांदी तुमीच ठेवायची हाय बरं का. महाराजांचा नियम. विधवेचा मान. पेपरवाले खास त्यासाठीच येणार हायत. दोन शब्द बोलायचं, ते मी लिवून देतो."

"ठेवू की," शालूबाई म्हणाली.

*

स्वयंपाकघरात मयूरी, राजवर्धनची बायको, ओट्याला टेकून फोन बघत होती. ती सांगलीतल्या शिकलेल्या घरची. मठात येणाऱ्या पाहुण्यांसमोर नवरा तिला इंग्रजी बोलायला लावी आणि एरवी गप्प बसवी.

"काकी, हे बघा ना," ती हळूच म्हणाली. "फोटो मोठा होतोय."

शालूबाईनं चष्मा लावला. मयूरीनं बोटांनी फोटो ताणला तशा वाट्या एकेक पुढं आल्या. कुंकवानं लाल, काही काळवंडलेल्या. तिसऱ्या ओळीत एक वाटी कडेला चेपलेली होती, दोन बारीक खाचा पडलेली. शालूबाईनं मयूरीचा हात धरला.

"थांब. ही माझी."

"कशावरनं?"

"तेजाला दात येत हुतं. मांडीवर घेतला की गळ्यातलं तोंडात घालायचा. आत लाख आसती, वर पत्रा. चावून चेपली. हे म्हणायचं, नवी करू. मी म्हणली, न्हाई, असू दे माझ्या पोराच्या दाताची खूण." तिनं चष्मा वर सारला. "हे गेल्यावर मी ती मठात दिली. भावजींच्या हातात दिली. म्हणलं, देवाला वाहा."

पोरानं तीच वाटी अलग काढून ठेवली होती. त्याला ओळखू आली असेल का? आली असेल म्हणूनच ठेवली असेल, की रीत म्हणून? शालूबाईला दोन्ही खरं वाटलं, आणि तिच्या डोळ्यांना धार लागली.

मयूरी मात्र फोनवरून डोळे काढत नव्हती. तिनं फोटो आणखी सरकवला. "आणि ही चौकोनी काठाची माझ्या आईची आहे. मला बाळ व्हावं म्हणून मी नवस बोलले होते. ह्यांनीच मठात नेऊन दिली. म्हणाले, देवीचा मुकुट करणार आहेत. काकी, मुकुट कुठं आहे?"

"साताऱ्यात," शालूबाई म्हणाली. "हायवेला लागून."

मयूरीला समजायला क्षणभर लागला. मग तिनं गॅस बंद केला. "अजून कुणाकुणाच्या असतील यात?"

"चल, इचारू."

दुपारी दिवाणखान्यात मांडवाच्या खांबांना झेंडू किती लागेल याची चर्चा रंगली होती तेव्हा या दोघी मागच्या दारानं बाहेर पडल्या. कुंभारआळीतल्या एका म्हातारीनं आपली वाटी पाठीवरच्या ठिपक्यांवरून ओळखली. पेठेतल्या एका सुनेनं सासूची ओळखली आणि सासूला हाक मारली. एक जण तर फोटो बघून रडायला लागली, कारण तिला महाराजांनी सांगितलं होतं की तुझी वाटी कृष्णेत सोडली, तुझं दुःख वाहून गेलं. शालूबाई प्रत्येकीला एकच सांगत होती. "चोरीची म्हणत्यात. माझं पोरगं त्यापायी आत हाय. तुझी आसंल तर उद्या मांडवात तोंड उघड. भ्या वाटत आसंल तर नको येऊ, मी राग धरायची न्हाई."

*

रौप्यतुलेच्या दिवशी महाराज पहाटे उठले आणि नेहमीसारखे पूजेला बसले, पण ध्यान लागेना. त्यांना वास येत होता. ओल्या घोंगड्याचा, मुताचा, गंजलेल्या गजांचा. चाळीस वर्षं त्या वासावर त्यांनी कीर्तन केलं होतं, पण स्वतःच्या नाकाशी तो कधी येऊ दिला नव्हता. आपण घाबरलोय, एवढंच खरं होतं. हजारो माणसं, चळवळ, मठ, हे सगळं त्यांनी त्या भीतीवर पांघरूण म्हणून घातलं होतं. शिवतेज आता त्याच वासात बसलाय, हे मनात आलं तेव्हा त्यांनी घाईनं नामस्मरण सुरू केलं. नामस्मरणाचा असा उपयोग ते पूर्वीपासून करत आले होते.

मांडव भरला होता. काटा गुळाच्या अडतीतनं आणलेला, मोठा. एरवी त्यावर ढेपा चढत, आज झेंडूच्या माळा चढल्या होत्या. एका पारड्यात गादी टाकून महाराजांना बसवलं. पारडं अलगद जमिनीला टेकलं. दुसऱ्या पारड्यात गलाईवाल्यांनी दिलेल्या चांदीच्या विटा राजवर्धननं आधीच रचल्या होत्या, पण मुद्दाम थोड्या कमी. उरलेलं वजन माताभगिनींनी एकेक वस्तू ठेवून पुरं करायचं, अशी योजना होती. म्हणजे पारडी समान होतानाचा फोटो बायकांच्या गर्दीत निघाला असता.

महाराजांनी बसल्या बसल्या माइक घेऊन सगळ्यांना बजावलं. "तुलेचा एक नियम आहे. एकदा बसलं की वजन पुरं होईपर्यंत उठायचं नाही. मधेच उठणं अपशकुन. तेव्हा माझी सुटका आता तुमच्या हातात." लोक हसले. पाहुणे हसले. कुणीतरी भाषणात त्यांना कैद्यांचा कैवारी म्हटलं.

मग राजवर्धननं नाव पुकारलं आणि शालूबाई वर आली. तिच्या हातात चांदीची वीट दिली, समोर माइक धरला, दुसऱ्या हातात लिहिलेला कागद दिला. कॅमेरे पुढं सरकले. तिनं कागदाची घडी घातली आणि तो राजवर्धनला परत दिला.

"मला दोन शब्द बोलाय सांगितल्यात," ती म्हणाली. "परवा तिकडं पोलिसांनी माझ्या शिवतेजला धरला. त्याच्याजवळ वाट्या गावल्या. त्यातली एक माझी हाय. तिला त्याच्या दाताची खूण हाय, लहानपणी चावलेली. माझं मालक गेल्यावर मी ती ह्या मठाला दिली, महाराजांच्या हातात दिली. पोलीस म्हणत्यात ती चोरीची. ती चोरीची न्हाई. मी दिलेली हाय."

स्पीकर घरघरत राहिला. राजवर्धननं माइककडं हात नेला, पण तोवर खालून मयूरी उभी राहिली होती. तिला माइक लागलाच नाही. "चौकोनी काठाची माझ्या आईची. मीही मठाला दिली." नवऱ्यानं डोळे वटारले, तिनं मान वळवली. मग कुंभारआळीची म्हातारी उठली. मग पेठेतली सून, आणि तिचा दंड धरून तिची सासू. "माझी बी हाय." "ठिपक्याची माझी." चांदीचे पैंजण, करंडे, निरांजनं ठेवायला ओळीत आलेल्या बायका हातातल्या वस्तू पदरात घेऊन उभ्या होत्या आणि एकेक जण बोलत होती. सगळ्याच बोलल्या नाहीत. बऱ्याच जणी खाली बघत होत्या. पण बोलल्या त्या पुरेशा होत्या.

शिवांजली व्यासपीठाच्या कडेला फोन धरून सगळं टिपून घेत होती. एका पेपरवाल्यानं विचारलं, "महाराज, म्हणजे ते सोनं मठाचं आहे का?"

महाराज पारड्यात बसून हसत होते. हसू ओठांवरच राहून गेलं होतं, त्याला आता परत जाता येत नव्हतं. "माताभगिनींच्या भावनांचा मी आदर करतो," ते म्हणाले. "सोनं कुणाचं, माती कुणाची, हे शेवटी परमेश्वरालाच ठाऊक."

"परमेश्वर ट्रस्टी न्हाई, काका," शिवांजली म्हणाली. "तुमी हाय."

महाराजांनी पारड्याची साखळी धरली. नुसतं "हो" म्हटलं असतं तर शिवतेज सुटण्याची सोय झाली असती, आणि ते काही इतकं अवघड नव्हतं. त्यांनी राजवर्धनकडं पाहिलं. राजवर्धन कागदाची घडी उलगडत होता, जणू त्यात काही सापडणार होतं. सुमंत पहिल्या रांगेतून उठून प्रसाद कुठं मिळतो ते विचारत मागं निघाले होते.

पहिल्या रांगेत आप्पासो बसले होते. त्यांच्या डोळ्यांपुढं कृष्णात होते, डाव्या हातात चिमटा धरून उजव्याचा आधार घेणारे. थोरले आपण होतो. ठाण्यात जायला पाहिजे होतं ते आपण. तेव्हा आपण दुकान कोण बघणार म्हणालो, आणि काल म्हणालो, उद्याचं पार पडू दे. स्वतःची त्यांना इतकी लाज वाटली की बसवेना, आणि ते उठले.

"दुसरा ट्रस्टी मी हाय," आप्पासो म्हणाले. त्यांना मोठ्यानं बोलायची सवय नव्हती, त्यामुळं पहिल्यांदा ते कुणाला ऐकूच गेलं नाही. ते पुढं आले आणि माइकजवळ वाकले. "मी ट्रस्टी हाय. सोनं मठाचं हाय. शिवतेजकडं गाळायला मीच धाडलं. काय इचारायचं त्ये मला इचारा."

"आप्पा, तुमी कवा धाडलं?" राजवर्धन कुजबुजला. "सोनं मी नेलं हुतं."

"म्हाईत हाय," आप्पासो म्हणाले. "गप बस."

शिवांजलीनं फोन खाली केला. "आप्पा, हेच सहीनं द्यावं लागंल. आन् तिकडं कोर्टात उभं बी ऱ्हावं लागंल. तुमच्यावर बी बालंट येईल, आधीच सांगते."

"चल की मग. गाडी कितीची हाय?"

"मिरजेवरनं दुपारची."

शालूबाईच्या हातात अजून चांदीची वीट होती. तिनं ती पारड्यात ठेवली नाही, बाजूच्या टेबलावर ठेवली, आणि हात पदराला पुसले. खाली बायका एकेक करून मांडवाबाहेर पडत होत्या, पैंजण-करंडे कनवटीला लावून. पाहुण्यांच्या गाड्या सुरू झाल्या. पारडं जमिनीला टेकलेलंच होतं आणि समोरची चांदी वर अधांतरी हालत होती.

"वैनी," महाराज हळूच म्हणाले. चाळीस वर्षांत त्या आवाजात कीर्तन नव्हतं असं पहिल्यांदाच झालं. "वैनी, मला उतरू द्या. ह्यांना सांगा कुणीतरी. मी काय करू आता?"

शालूबाई पायऱ्या उतरत होती. ती थांबली, पण वळली नाही.

"बसा भावजी. वजन पुरं हुईस्तवर उठायचं न्हाई, तुमीच सांगितलंय."

मांडवाच्या दाराशी मयूरीनं जीप काढून आणली होती. शिवांजली पुढं बसली, आप्पासो मागं बसले. त्यांनी शालूबाईला आत यायला हात दिला आणि जीप मिरजेच्या रस्त्याला लागली.